शाळा सुटली, पाटी हातातच

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळच्या टपालात निवृत्त शिक्षकांची पत्रे बरीच होती. कोणी घर आणि समाजकार्य यांत ओढले जात आहे, कोणाला नातवाचे वाचन सतावते आहे, कोणाला घरातले आजारपण. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. ज्या प्रश्नांना सविस्तर उत्तर लागते तिथे जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : निवृत्त होऊन पाच महिने झाले. सकाळी नातीला सांभाळते, दुपारी वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेते, संध्याकाळी वाचनालयाच्या समितीचे काम. "तुम्हाला काय, आता वेळच वेळ" असे ज्याला त्याला वाटते. थकवा शाळेत असतानाही यायचा, पण असा नाही. माझे कुठे चुकते आहे?

उत्तर : शाळेत तास संपल्याची घंटा दुसरे कोणीतरी देत असे. आता ती तुम्हीच द्यायची आहे, आणि तुम्ही अजून ती दिलेली नाही, एवढेच.

एका कोऱ्या कागदावर आठवड्याचे एकवीस चौकोन आखा : सात दिवस, प्रत्येकाची सकाळ, दुपार, संध्याकाळ. पेन्सिलीनेच भरा, कारण पहिला महिना खोडाखोडीचा असतो. आधी जे हलवता येत नाही ते लिहा : डॉक्टरांची भेट, फिरणे, दुपारची विश्रांती. मग जोडीदाराला कागद द्या आणि त्यांचे दोन चौकोन त्यांना स्वतःच्या हाताने भरू द्या. त्यानंतर नात. समाजकार्य सगळ्यात शेवटी, आणि पाच-सहा चौकोनांच्या वर नाही. निदान चार-पाच चौकोन रिकामे राहिलेच पाहिजेत. नात आजारी पडली, कोणी अचानक आले, तर ते काम या रिकाम्या चौकोनात जाते. रिकामा चौकोन नसेल तर त्या दिवशी हमखास तुमचे फिरणे बुडते. असे चार वेळा झाले की फिरणे कायमचेच बंद होते.

आता नकार कसा द्यायचा ते. शिक्षकांना हे जड जाते, कारण गैरहजर सहकाऱ्याचा तास घेण्याची सवय अंगात मुरलेली असते. "जमणार नाही" हे तोंडातून निघत नसेल तर जमते ते सांगा : "मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच ते सात मी आहे." समितीतले पद मुदत ठरवूनच घ्या. "सहा महिने बघते, मग दुसऱ्या कोणाला शिकवून देते," हे पहिल्याच बैठकीत बोलून इतिवृत्तात लिहून घ्या. शिकवणे आणि समिती ही दोन्ही कामे एकाच वेळी उचलू नका. समितीचे काम बैठकीपुरते कधीच राहत नाही, ते फोनवरून घरात येते.

मुलगा-सून किंवा लेक-जावई यांच्याशीही एकदा बसून तीन गोष्टी ठरवा : नात किती वाजेपर्यंत तुमच्याकडे, तुम्हाला बरे नसेल त्या दिवशी कोण, आणि आठवड्यातला कोणता दिवस पूर्ण सुट्टीचा. तुमची दमछाक त्यांना दिसत नाही, कारण तुम्ही ती पस्तीस वर्षे वर्गात लपवत आलात.

प्रश्न : नातू दुसरीत आहे. तोंडाने गोष्ट सुरेख सांगतो, पण वाचायला बसला की एकेक अक्षर सुटे वाचतो आणि जोडाक्षर आले की थांबतोच. मी स्वतः प्राथमिक शिक्षक होतो. इतक्या मुलांना वाचायला शिकवले, आणि घरात मात्र दहा मिनिटांत दोघांचाही आवाज चढतो.

उत्तर : आवाज का चढतो ते आधी पाहू, कारण तिथे सुधारणा झाल्याशिवाय पुढच्या युक्त्या लागू पडत नाहीत. वर्गात चाळीस मुलांमध्ये एकाची चूक निसटते, त्या मुलाला श्वास घ्यायला मिळतो. घरात समोर एकच मूल असते आणि त्याची प्रत्येक चूक पकडली जाते. त्यात आपली थांबण्याची सवय फार तोकडी. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमध्ये मोजून दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा मुलांची उत्तरे लांबली आणि अधिक मुले बोलू लागली. नातू शब्दावर अडला की मनात एक ते पाच मोजा. तोवर जमले नाही तर तो शब्द स्वच्छ म्हणून दाखवा आणि वाक्य पुढे जाऊ द्या. अडलेला शब्द तुमच्या वहीत टिपा. त्या क्षणी समजावत बसू नका.

डोळे आणि कान तपासून घ्या. हे अगदी पहिल्या आठवड्यात करा.

पुस्तक योग्य आहे का याची चाचणी सोपी आहे. सलग शंभर शब्द वाचायला द्या. दहापेक्षा जास्त ठिकाणी अडला तर पुस्तक कठीण आहे, बाजूला ठेवा. पाचच्या आसपास अडला तर तुमच्याबरोबर वाचायला योग्य. एक-दोनच ठिकाणी अडला तर ते त्याला एकट्याने वाचायला द्या. घरातली बहुतेक भांडणे पहिल्या प्रकारचे पुस्तक समोर ठेवल्याने होतात.

आता जोडाक्षरे. "अर्धे अक्षर" म्हटले की मुलाला काय अर्धे झाले ते कळत नाही. त्याला ते डोळ्यांनी दिसू द्या. जाड कागदाच्या तळहाताएवढ्या पट्ट्या करा, प्रत्येकीवर एक अक्षर ठसठशीत. ग, म, त, न, स, प या अक्षरांना उजवीकडे उभा दंड आहे. या पट्ट्यांचा दंड असलेला भाग मागे दुमडता येईल अशी घडी पाडा. "स" चा दंड मागे गेला की "स्" उरतो, त्याला "त" ची पट्टी चिकटवून ठेवली की "स्त". मुलाच्या बोटांनी घडी घातली पाहिजे. क आणि फ यांचा दंड मध्ये असतो, त्यांची उजवी शेपटी आखूड होते, म्हणून ते वेगळ्या दिवशी. ट, ठ, ड, ढ, द, ह यांना काढण्यासारखा दंडच नाही, तिथे पाय मोडतो किंवा एकाखाली एक लिहितो. हे तीन गट एकाच दिवशी समोर आले तर मुलाला सगळाच गोंधळ वाटतो.

शब्दांचा क्रम असा धरा. प्रथम एकाच अक्षराची जोडी : पत्ता, गप्पा, कच्चा, धक्का, मुद्दा. इथे कानाला आघात ऐकू येतो, "पता" आणि "पत्ता" लागोपाठ म्हणून दाखवता येतात. मग वेगळ्या अक्षरांची : रस्ता, पुस्तक, मस्त, चष्मा, गोष्ट. र ला सगळ्यात शेवटी हात लावा, कारण त्याची रूपे चार. क्रम, प्रकाश यांतली तिरकी रेघ. ट्रक, ड्रम यांतले खालचे छप्पर. कर्म, सूर्य यांतला रफार. आणि दुसऱ्या, कुऱ्हाड यांतला कोयत्यासारखा र.

रफार सगळ्यांत जास्त छळतो. तो डोक्यावर उजवीकडे लिहिला जातो, पण त्याचा उच्चार त्या अक्षराच्या आधी होतो. मूल डोळ्याने जे आधी दिसते ते आधी वाचते आणि "सूर्य" चे "सूय्र" करते. यात त्याचा आळस नाही, त्याचा तर्क बरोबर आहे. तीन पट्ट्या घ्या : सू, र्, य. आधी ओळीत मांडून वाचून घ्या. मग त्याच्यासमोर "र्" ची पट्टी उचला, उलगडा, आणि "य" च्या डोक्यावर नेऊन ठेवा. "र ची जागा बदलली, पाळी बदलली नाही." असे धर्म, वर्ग, पर्वत, गर्दी या शब्दांशी रोज दोन-दोन करून चार दिवस खेळा. त्यानंतर "दर्या" आणि "दऱ्या" शेजारी ठेवा. पहिल्यात द वर जोर येतो, दुसऱ्यात येत नाही. मोठ्याने म्हटले की मुलांना हा फरक आवडतो.

बैठक वीस मिनिटांची, घड्याळ समोर. पाच मिनिटे कालचे शब्द, सात मिनिटे नवे, आणि उरलेली आठ मिनिटे तुम्ही त्याला वाचून दाखवायचे, त्याच्या आवडीचे, त्याने फक्त ऐकायचे. ही आठ मिनिटे बक्षीस म्हणून ठेवू नका, "नीट वाचलंस तरच" अशी अट घालू नका. आठवड्यातून पाच दिवस पुरे.

अशा नियमित सरावाने दोन-अडीच महिन्यांत वाढ दिसली नाही, बोलण्यातली समज चांगली असून वाचन तिथेच अडून राहिले, तर शाळेशी बोला आणि अध्ययन अक्षमतेच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या. या वयात एखाद-दुसरे अक्षर उलटे लिहिणे हे एकटे लक्षण घाबरण्यासारखे नाही.

प्रश्न : घरी आठ-दहा मुले शिकायला येतात. तासाभरात माझा आवाज बसतो, आणि खरे सांगायचे तर मुले काय बोलतात ते नीट ऐकूही येत नाही. मुले पुटपुटतात की माझेच कान?

उत्तर : बहुधा दोन्ही, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येणे कमी होते. मुलांचे आवाज मुळात बारीक, आणि स, श, त, फ ही व्यंजने उंच पट्टीतली आणि हलकी. म्हणून बोलणे "ऐकू येते पण कळत नाही" असे होते. त्यात खोलीत गलबला असला की आपण नकळत आवाज चढवतो. एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे नोंदवले, आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तुम्ही आवाज चढवला की मुले चढवतात, मग तुम्ही आणखी.

बसण्याची मांडणी बदला. मुले अर्धवर्तुळात, तुमच्यापासून दीड-दोन मीटरच्या आत. खिडकी तुमच्या पाठीमागे हवी, म्हणजे उजेड मुलांच्या चेहऱ्यावर पडतो आणि ओठ दिसतात. उघड्या भिंती आणि फरशी असलेल्या खोलीत आवाज घुमतो. जमिनीवर जाड सतरंजी, एका भिंतीला पडदा, एवढ्याने फरक पडतो. पंखा खडखडत असेल तर आधी तो दुरुस्त करा. दहापेक्षा सहा मुले बरी. बाकीची दुसऱ्या दिवशी.

घशासाठी : खाकरू नका, त्याने स्वरतंतू एकमेकांवर आदळतात. त्याऐवजी घोटभर पाणी. कुजबुजणेही टाळा, त्यानेही ताण पडतो. मुलांना गप्प करायला टाळी किंवा छोटी घंटा वापरा. शिकवायला बसण्याआधी पेल्यात पाणी घेऊन त्यात नळी दोन-तीन सेंटिमीटर बुडवा आणि नळीतून "ऊ" असा सूर काढत बुडबुडे काढा, मिनिटभर, मग थोडे थांबून पुन्हा एकदा. सूर स्थिर आणि बुडबुडे एकसारखे यावेत. गळ्याला ताण जाणवला तर नळी जास्त खोल गेली आहे.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवाच. त्याच फेरीत श्रवणचाचणीही उरकून घ्या. श्रवणयंत्र लागले तर ते लवकर वापरायला घेतलेले बरे. उशीर झाला की सवय व्हायला जास्त दिवस लागतात. पहिले पंधरा दिवस शांत खोलीत घाला, मुलांच्या घोळक्यात नंतर.

प्रश्न : तीनेकशे बालपुस्तके जमली आहेत, काही माझी, काही लोकांनी दिलेली. घरातल्या पुढच्या खोलीत वस्तीतल्या मुलांसाठी वाचनालय सुरू करायचे आहे. वर्गीकरण, नोंदी आणि फाटकी पुस्तके, तिन्हींबद्दल लिहाल का?

उत्तर : भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. त्यातले पहिले, पुस्तके वापरासाठी असतात, ते तुमच्या खोलीला शब्दशः लागू आहे. घरगुती वाचनालये बंद पडतात ती बहुतेक वेळा पुस्तके जपण्याच्या नादात. कुलूपबंद काचेचे कपाट, दंड, अनामत, ओरडा, आणि मुले येईनाशी होतात.

नोंदवही मात्र एक हवीच. रकाने इतकेच : दाखल क्रमांक, तारीख, पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पाने, कुठून मिळाले, शेरा. पुस्तक हरवले तर शेऱ्यात "हरवले" लिहा, पण तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला कधीही देऊ नका. दोन वर्षांनी मोजणी करताना याचे महत्त्व कळते. क्रमांक पुस्तकात दोन ठिकाणी लिहा, नावाच्या पानामागे आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर, समजा सतराव्या. मुखपृष्ठ निघून गेले तरी पुस्तक ओळखता येते.

मोठ्या ग्रंथालयांतले, विषयवार आकडे देण्याचे दशांश वर्गीकरण तीनशे पुस्तकांना आणि आठ वर्षांच्या वाचकांना कशाला? कण्यावर रंगीत गोल चिकटवा : चित्रे जास्त आणि ओळी कमी असलेली एक रंग, मोठ्या टायपातल्या गोष्टी दुसरा, लांब गोष्टी तिसरा, माहितीची चौथा. गोल कण्याच्या तळापासून तीन सेंटिमीटरवर, सगळ्यांचा एकाच उंचीला. मुले स्वतः पुस्तके जागेवर ठेवतात ती यामुळेच. बालपुस्तके बारीक असतात, त्यांचा कणा दिसत नाही. त्यामुळे निदान वीस-पंचवीस पुस्तके मुखपृष्ठ समोर करून मांडा आणि ती दर आठवड्याला बदला. नेलेल्या पुस्तकाची नोंद मुलांपैकीच दोघांकडे द्या, महिन्याने जोडी बदला.

आता दुरुस्ती. फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत तिचा गोंद कागदात उतरतो, पिवळा-तपकिरी डाग पडतो, प्लॅस्टिक सुटून येते आणि डाग मागे राहतो. त्याऐवजी खळ करा. गव्हाचे स्टार्च एक भाग, पाणी पाच भाग. अर्धा तास भिजू द्या, मग अगदी मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. मिश्रण आधी एकदम घट्ट होते. बहुतेक जण तिथेच थांबतात आणि खळ कच्ची राहते. ते दुधी रंगाचे अर्धपारदर्शक होईपर्यंत आणखी दहा-पंधरा मिनिटे ढवळत राहा. गार झाले की बारीक जाळीतून दाबून काढा आणि लागेल तेवढे पाणी घालून ब्रशने ओढता येईल इतके सैल करा. मैद्याचीही खळ होते, पण ती वाळल्यावर कडक होते आणि किडीला जास्त आवडते. खळ चार-पाच दिवसांत आंबते, म्हणून थोडीच करा.

फाटलेल्या जागेसाठी लांब तंतूंचा पातळ कागद लागतो, जपानी कोझो कागद सर्वांत चांगला. त्याची सेंटिमीटरभर रुंद पट्टी कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ ओढा आणि त्या रेघेवर ओढून फाडा. कडेला तंतूंची झालर सुटते, तीच धरून ठेवते. कापलेली सरळ कडा पानाला तिथेच पुन्हा मोडते. फाट जुळवा, पट्टीला खळ लावा, ठेवा, दोन्ही बाजूंना बटर पेपर, त्यावर टिपकागद, आणि दोन-तीन किलोचे वजन रात्रभर. टिपकागद अर्ध्या तासाने एकदा बदला, नाहीतर पान लाटेसारखे वाळते. सुटे पान बसवायचे असेल तर आतल्या कडेला तीन मिलिमीटरच खळ. जास्त लावली की पान उघडताना शेजारचे पान सोबत ओढते.

दिलेल्या पुस्तकांत कीड दिसली तर ती लगेच बाकीच्यांत मिसळू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ ते २० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका. लगेच उघडली तर गार पुस्तकावर दव धरते आणि किडीच्या जागी बुरशी येते.

प्रश्न : घरकामाला येणाऱ्या पन्नाशीच्या बाईंना वाचायला शिकायचे आहे. बालभारती पहिलीपासून सुरू करू का?

उत्तर : नको. पन्नास वर्षांच्या माणसासमोर पहिलीचे पुस्तक उघडले की शिकण्याआधी लाज येते. पहिल्या दिवशी विचारा : "तुम्हाला सगळ्यांत आधी काय वाचता आलं तर उपयोग होईल?" बसची पाटी, औषधाची चिठ्ठी, फोनमधली नावे, बँकेचा कागद, जे उत्तर येईल तिथून सुरुवात. शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी १९६३ मध्ये ब्राझीलमधल्या आंजिकोस गावात सुमारे तीनशे प्रौढांना चाळीस तासांच्या वर्गांतून वाचायला शिकवले, तेही त्यांच्या रोजच्या जगण्यातले शब्द घेऊन.

आधी डोळे तपासायला सांगा. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते आणि "मला जमत नाही" म्हणणाऱ्या कित्येकींना अक्षर दिसतच नसते. पहिला शब्द त्यांचे स्वतःचे नाव. ते अक्षरांत फोडा, त्याच अक्षरांपासून दुसरे शब्द बनवा. "कमल" मधून कल, मल, कलम निघते. पेन्सिल जाड आणि मऊ द्या. प्रौढ माणसे कागद फाटेल इतका दाब देतात, बोटे दुखतात आणि दोष हाताला लावतात. सुरुवातीला मोठ्या कागदावर खांद्यातून हात फिरवून लिहू द्या. वेळ अर्धा तास, दार लोटलेले, घरातली मुले आसपास नकोत. आणि हा अर्धा तास त्यांच्या कामाच्या वेळातला धरा, वरचा नव्हे.

प्रश्न : माझ्या पत्नीला वर्षभरापासून विस्मरण आहे. आम्ही दोघेही शिक्षक. आठवण टिकावी म्हणून मी रोज विचारतो : आज वार कोणता, हा फोटो कोणाचा, काल कोण आले होते. ती चिडते, कधी रडते. मी सोडून द्यावे का?

उत्तर : प्रश्न विचारणे आजच थांबवा. तुमच्या हेतूत काही खोट नाही, पण तुमच्यासाठी जो सराव आहे तो त्यांच्यासाठी रोजची नापास होण्याची परीक्षा आहे. उत्तर त्या विसरतील, पण अपमान झाल्याची भावना दिवसभर उरते.

उत्तर तुम्हीच आधी द्या. "ही बघ, आपली धाकटी आली," असे म्हणा. "ओळख बघू कोण?" असे आलेल्या पाहुण्यांनाही विचारू देऊ नका, दारातच सांगून ठेवा. फळ्याची सवय दोघांनाही आहे, तिचा उपयोग करा. त्या उठल्यावर जिथे नजर जाते तिथे छोटा फळा लावा : वार, तारीख, "दुपारी मुलगी येणार", बस, तीनच ओळी. कालचे रात्रीच पुसून टाका, जुनी ओळ राहिली तर गोंधळ वाढतो. एका वेळी एकच सूचना द्या. "आवरून चप्पल घालून खाली ये" यात तीन कामे आहेत. चुकीचे काही बोलल्या आणि त्याने कोणाला धोका नसेल, तर दुरुस्त करू नका. त्या विषयात त्यांच्याबरोबर दोन पावले चाला.

पाठ केलेल्या कविता, पाढे, गाणी बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकतात. तुम्ही पहिली ओळ म्हणा आणि थांबा. त्या पुढे म्हणाल्या तर छान, नाही तर तुम्हीच म्हणत राहा.

तपासणी झाली नसेल तर करा. थायरॉइड कमी असणे, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, काही झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणे, यांनीही विस्मरण वाढते आणि यांवर उपाय असतात. विस्मरण हळूहळू न वाढता तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकदम गोंधळ सुरू झाला, तर थांबू नका. त्यामागे संसर्ग किंवा औषधाचा परिणाम असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर.

आठवड्यातून दोन दुपारी घरात दुसरे कोणीतरी बसेल अशी सोय करा आणि त्या वेळी बाहेर पडा. तुमचे विद्यार्थी, शेजारी विचारतात ना, "सर, काही मदत?" त्यांना हेच काम सांगा. वार आणि वेळ ठरवून सांगा, म्हणजे ते येतात.

प्रश्न : जुने विद्यार्थी रस्त्यात भेटतात, वाकून नमस्कार करतात. चेहरा ओळखीचा वाटतो, नाव आठवत नाही. फार वाईट वाटते.

उत्तर : चेहरा, बाक, आवाज आठवतो आणि नाव जाते, हे सगळ्यांचेच होते. नावाला अर्थाचा आधार नसतो, म्हणून ते आधी निसटते. "कोणत्या सालची तुकडी रे तुझी?" असे विचारा. साल मिळाले की त्या वर्षाचा वर्ग डोळ्यांसमोर येतो आणि कित्येकदा नावही. नाही आले तर सरळ सांगा : "चेहरा पक्का लक्षात आहे, नाव तू सांग." नाव ऐकल्यावर ते वाक्यात एकदा वापरा.

प्रश्न : पस्तीस वर्षांच्या टाचण वह्या, तक्ते, सहलींचे फोटो, मुलांची पत्रे. घरात जागा नाही. काय ठेवू, काय देऊ?

उत्तर : तीन ढीग करा. तक्ते आणि हाताने केलेली साधने आज शिकवणाऱ्या तरुण शिक्षकाला द्या, पण समोर बसवून ती कशी वापरायची ते दाखवून. नुसती पिशवी दिली तर ती त्यांच्या माळ्यावर जाते. टाचण वह्यांतली चालून गेलेली वीस-तीस पाने निवडा, बाकी जाऊ द्या. मुलांचे गुण, घरची परिस्थिती, आजार, तक्रारी लिहिलेले कागद कोणालाही देऊ नका. रद्दीतही नको, बारीक फाडून नष्ट करा. ती मुले आता मोठी माणसे आहेत, त्यांच्या घरचे ते खासगी आहे.

पत्रे ठेवा, पाकिटातून काढून, सपाट, पिना आणि रबर काढून. पिना गंजतात आणि रबर वितळून कागदाला चिकटते. फोटोंवर मागे बॉलपेनने लिहू नका, दाबाचा उठाव पुढे दिसतो. मऊ पेन्सिलीने, कडेच्या कोपऱ्यात, काचेसारख्या टणक गोष्टीवर फोटो पालथा ठेवून लिहा. साल, जागा, आणि डावीकडून उजवीकडे नावे, मागच्या रांगेपासून. ज्यांची नावे आठवत नाहीत तिथे रेघ सोडा. पुढचा माजी विद्यार्थी घरी आला की तो फोटो आणि पेन्सिल त्याच्या हातात द्या.